कुणी नाव न घेतलेले ठिपके

सोमवार, ५ मे
ओरुरो शहरातल्या संशोधन संस्थेत आज कामावर रुजू झालो. खाण सुटल्यावर बसून करायचं काम पहिल्यांदाच मिळालं. खाणींवरचे जुने लेख मी स्कॅन करायचे, मग यंत्रातलं सॉफ्टवेअर त्यांचा नकाशा काढतं. प्रत्येक लेख म्हणजे एक ठिपका. एका लेखात दुसऱ्याचं नाव आलं, की दोघांमध्ये रेघ. खाणीतल्या नव्या यंत्राला करतात तसं या यंत्रालाही आज मेंढी कापून रक्त लावलं, वर बिअर शिंपडली. प्रमुख डॉक्टोरा सेनोबिया म्हणाल्या, पोट भरलंय त्याचं, आता गुमान काम करेल. मला मात्र रक्त फटीतून आत झिरपताना दिसलं. उद्या यंत्र बिघडलं तर खापर माझ्यावर फुटायचं. माझी शाळा तिसरीपर्यंत, मी काय बोलणार?

शुक्रवार, ९ मे
ज्या लेखाचं नाव दुसऱ्या कुठल्याच लेखात नाही, त्याचा ठिपका दर शुक्रवारी दुपारी आपोआप पुसला जातो. आज अभियंता उर्किसोंचा गेला. बिचाऱ्याने कष्टाने लिहिलं असेल, असं मी म्हटलं. त्यावर डॉक्टोरा म्हणाल्या, "डॉन कासियानो, ज्याचं कुणी नाव घेत नाही, तो असला काय नि नसला काय."

शनिवार, १० मे
उर्किसो गेले. काल दुपारीच, स्वतःच्या दारात. डोकं कुऱ्हाडीने फोडल्यासारखं. शेजारीण सांगत होती, मारणारा दिसलाच नाही, नुसते घाव पडत होते.

शुक्रवार, १६ मे
दोन ठिपके पुसले. संध्याकाळी रेडिओवर दोघांचीही नावं. एकाचे हात खांद्यातून उपटलेले. दुसरी बाई चर्चच्या पायऱ्यांवर, तुकड्यांत. डॉक्टोरा म्हणतात, योगायोग आहे, कोकाची पानं जरा कमी चघळा, डोक्यात चढतात.

मंगळवार, २० मे
गठ्ठ्यात माझ्या लेकीचा, नीवेसचा लेख होता. पोर नर्स आहे. खाणकामगारांच्या फुप्फुसांवर एकदाच लिहिलं तिनं. माझ्या लक्षात येईपर्यंत ठिपका उमटला होता. एकटाच. तो काढूही शकत नाही, काढला तर —
यंत्राची तार उपटली. पडदा चालूच.
फोन करून तिला शहर सोडायला सांगितलं. ती म्हणाली, "ताता, खाणीतला वायू अजून डोक्यातून उतरला नाही वाटतं तुमच्या. जेवलात का?"

गुरुवार, २२ मे
उपाय सापडला. मीच एक पान लिहिलं, धुळीबद्दल, सुचलं तसं. त्यात नीवेसच्या लेखाचं नाव घातलं. स्कॅन केलं. तिच्या ठिपक्याला रेघ आली. आता तिला धोका नाही.

शुक्रवार, २३ मे
माझ्या पानाचं नाव मात्र कुणीच —
डॉक्टोरांना विनवलं, तुमच्या लेखात माझं नाव घाला. हसल्या, जेवायला गेल्या.

दार लावून घेतलंय. दारावर घाव. काचेतून पाहिलं, बाहेर कुणी नाही.

असू दे. म्हातारा जीव. पोर वाचली, बस्स.

फळी फुटली. गुडघ्याखाली हाड बाहेर — लिहितोय तोवर — पडद्यावर माझा ठिपका विझत चाललाय —

रेघसुद्धा. ती माझ्याच ठिपक्यातून निघते. मी पुसलो की तीही — मग पोरीचं नाव घेणारं कुणी —

नीवेस, घरातून नि—