कुसुमबाईंच्या चाली

३ जुलै, शुक्र.
आज शिक्षण परिषद. आसपासच्या शाळांचे आम्ही सगळे एका हॉलमध्ये. विषय: वर्गात मोबाइल, स्क्रीन कशी वापरता ते सांगा. आमच्या शाळेच्या पल्लवी मॅडम (नोकरीला जेमतेम दोन वर्षं) पुस्तकातल्या कवितेवर क्यूआर कोड चिकटवून आल्या. मोबाइल धरला की कविता चालीत वाजते. टाळ्या. मग मला उभं केलं. निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस काय सांगणार? तोंडून निघून गेलं, "मी कुसुमबाईंच्या चाली आणतो."
बाईंनी मला चौथीत शिकवलं. पुढे त्याच शाळेत मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर. पुस्तकातल्या प्रत्येक कवितेला त्यांची स्वतःची चाल, कुठे लिहिलेली नाही. भिंतीपलीकडून ऐकू यायची अन् माझा वर्ग गणितं सोडून गुणगुणायचा. मी रागावायचो. आता वाटतं, कशाला रागावलो.

४ जुलै, शनि.
बाईंना कामठीला फोन. आवाज ओळखूच आला नाही, नुसती खरखर. "घशात गाठ निघाली गा. सोमवारी ऑपरेशन. आवाज राहते का जाते, डॉक्टरले बी सांगता येत नाही." म्हटलं, मग बऱ्या झाल्या की येतो.
"काहून? उद्याच ये."

५ जुलै, रवि.
शेअर ऑटोने कामठी. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाइल उशीवर. बाई ताठ बसल्या. एक ओळ म्हटली अन् थांबल्या. वाटलं, दम लागला. पुढची ओळ, परत थांबल्या. माझ्याकडे बघत होत्या. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज नको म्हणून मी श्वाससुद्धा धरून. चार कविता झाल्या, मग आवाज पार बसला. पाणी पिऊन म्हणाल्या, "मी ओळ देऊन राहिली अन् तू मूग गिळून बसला. म्हणायचं विसरला काय?"
तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश. बाई ओळ द्यायच्या, आम्ही परत म्हणायचो, अन् सगळ्यात मागे राहणाऱ्याचं संपेपर्यंत त्या थांबायच्या. तीस वर्षं मास्तरकी करून एवढं ध्यानात येऊ नये! ऑटोत रडू आलं. संध्याकाळी फाइल कोडसाठी पल्लवी मॅडमना पाठवली.

६ जुलै, सोम.
ऑपरेशन झालं. बाईंच्या मुलीचा मेसेज: आई बरी आहे, पंधरा दिवस बोलायचं नाही, आवाजाचं त्यानंतर कळेल.
शाळेत पल्लवी मॅडम खुशीत. "सर, मधात मधात नुसती शांतता होती नं, ते सगळं कापलं. अकरा मिनिटांचं पाच केलं." मी नको तेवढा भडकलो. "तिथे पोट्टे आहेत, मॅडम!" मूळ फाइल माझ्या मोबाइलमध्ये आहे. मला काही पुसता येत नाही म्हणून वाचली.

८ जुलै, बुध.
चौथीला मूळ रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या ओळीनंतर वर्ग स्पीकरकडे बघत बसला. दुसरी मी एकट्याने म्हटली. तिसरीला पुढचा बाक, मग सगळे. पल्लवी मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनीच मोबाइल काढून पोरांसकट रेकॉर्ड केलं. नंतर हळूच, "सर, कोड कोणत्या फाइलचा करू?"
म्हटलं, बाईंना विचारू.

११ जुलै, शनि.
दवाखान्यात गेलो, पल्लवी मॅडम सोबत. बाईंच्या गळ्याला पट्टी. कापलेली फाइल ऐकली, चेहरा कोरा. पोरांची लावली तेव्हा डोळे मिटले. मग मोबाइल ओढून घेतला, रेकॉर्डिंग मागे नेऊन तेच कडवं तीनदा ऐकलं. कागद मागितला. मला वाटलं, शाबासकी. लिहिलं: "तिसरी ओळ घाईत. परत घे."
म्हटलं, "बाई, तुम्हीच या नं वर्गावर." त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. "परत घे"च्या खाली रेघ ओढली.
सोमवारी पहिला तास चौथीवर. तिसरी ओळ.