चेसीवरचा टाका

अण्णा, शेफ टेकडीवर गेलाय आणि मी वर्कशॉपात बसून तुम्हाला लिहितेय. शेफ म्हणजे इथल्या जर्मन भाषेत मालक. मशीन चालू करायला हात धजत नाही, म्हणून कामाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं लिहितेय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण दुसऱ्या कुणाला हे कळणार नाही. घरी ह्यांना काल सांगून बघितलं. म्हणाले, "तपासणीत पास झाली ना गाडी? मग गप्प बस. आधीच तुझ्याकडं शाइन नाही." शाइन म्हणजे वेल्डिंगचं सर्टिफिकेट. चौथी शिकलेल्या बाईला कोण देणार ते? मी इथं फरशी पुसायला लागले होते. एकदा गेटाचा निखळलेला गज न विचारता जोडून ठेवला, तेव्हापासून शेफ मला गेटं आणि कठडे देतो. चेसीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं काम द्यायला नको होतं त्यानं. मीच मागून घेतलं.

इंगोलश्टाटच्या बाहेर जंगलात कुंपणं घालणारा एक माणूस आहे. जुनी, चारही चाकं ओढणारी पिकअप, मागचा हौदा गंजून चाळण झालेला. त्याला सपाट हौदा पाहिजे होता, तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतील असा, खांब लादायला. मी हौद्याखालचे लोखंडी चॅनेल जाड घेतले तर शेफ म्हणाला, "आल्झो, म्हणजे हत्ती नेणार आहे का तो?" मी म्हटलं, "आमच्याकडं एक टनाच्या गाडीत तीन टन भरतात." "इथं एक टनाच्या गाडीत एकच टन भरतात, बाई. चॅनेल बदल." बदलले. बाकी सगळं तुमच्यासारखं केलं. हौदा चेसीला धरणारे पुढचे पट्टे घट्ट, मागचे रबरावर, जरा हलते. खड्ड्यात चेसी पिळवटते, हौद्यानं तिला अडवायचं नाही. पण शुक्रवारी मागच्या डाव्या पट्ट्याचं बोल्टाचं भोक बोटभर चुकलं. नवा पट्टा करायचा म्हणजे दीड तास. गिऱ्हाईक दारात उभं, सारखं घड्याळ बघतंय, शेफ फोनवर. मला कुणी असं मागं उभं राहिलेलं सोसत नाही. मी पट्टा सरळ चेसीलाच वेल्ड केला, ग्राइंडर फिरवला, वर काळा रंग मारला. दिसायला एकदम देखणं. तपासणीवाल्यालाही कळलं नाही.

तुम्ही परत आणलेला ट्रक आठवत नव्हता असं नाही. मी चौदा वर्षांची, कराडच्या शेडमध्ये. तुम्ही चहाला गेलेले आणि मी शहाणपणा करून एका ट्रकच्या चेसीला लोखंडी कोन वेल्डिंगनं टाचून टाकला. तुम्ही आलात तोवर ट्रक निघून गेलेला. मी कौतुकानं सांगितलं. तुम्ही कपबशी तिथंच ठेवलीत, सायकल काढलीत आणि जकात नाक्यापर्यंत हाणलीत. ट्रक परत आणलात, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्यात, स्वतः आडवं पडून तो कोन कापलात. मला मारलं नाहीत. त्या रात्री चुलीपुढं मी भाकरी वाढतेय आणि तुम्ही ताटाकडं बघताय. आई म्हणाली, "अहो, पोरगी आहे, चुकली." तुम्ही म्हणालात, "घाटात गाडीला कळतंय व्हय, पोरीनं टाचलंय म्हणून? गाडीला कंबर असती. कंबर बांधली की मोडती." एवढंच.

काल तो कुंपणवाला येऊन गेला. हसत हसत म्हणाला, चढावर मागून डाव्या अंगाला कटकट आवाज येतो, वेळ मिळाला की बघा. माझा टाका त्याच अंगाला. रात्र कशी काढली मला माहीत. आज सकाळी शेफ कोट काढतोय तोवरच त्याला सांगून टाकलं. तो लालबुंद झाला. फोन लावला तर त्या माणसाची बायको म्हणाली, तो खांब भरून कधीच टेकडीवर गेला, तिथं फोन लागत नाही. शेफनं गाडीची किल्ली उचलली. मी म्हटलं, मी येते. "तू इथंच बस," म्हणाला.

आता अकरा वाजून गेलेत. मला सारखा टेकडीचा उतार दिसतोय, वळणावर खांबांचा भार डावीकडं सरकतोय आणि माझा टाका. पुढं बसलेल्या माणसाचं तोंडही मला धड आठवत नाही, नुसतं घड्याळ आठवतंय. बाहेर एक गाडी थांबली तर मी उभीच राहिले. पाववाला होता.

मध्ये लिहायचं थांबले होते. फोन वाजला. चार वेळा वाजू दिला, मग घेतला. शेफच होता, खाली गावात येऊन बोलत होता. गाडी उतारावरच गाठली. टाक्याच्या कडेला वीतभर चीर, पट्टा एका बाजूनं उघडा पडलाय, चेसी वाचलीय. खांब तिथंच उतरवून घेतले. माणूस शेफच्या शेजारीच उभा राहून शिव्या देतोय, म्हणजे धडधाकट आहे. मी खाली फरशीवरच बसले, अण्णा, फोन हातात धरून. मला वाटलं, आता म्हणेल सामान उचल. तर म्हणतो, "दुपारी गाडी आणतो. पट्टा तूच कापायचास, चेसीला ओरखडासुद्धा न पाडता, आणि नवा बोल्टावर बसवायचास. मी बघत उभा राहणार. तुझ्या बापानं शिकवलंय ना तुला? मग कर."

मघापेक्षा जास्त भ्यालेय आता. त्याला मीच सांगितलं होतं, दहा वर्षं बापाच्या हाताखाली ट्रकचे हौदे जोडलेत म्हणून. त्यावरच त्यानं हे काम दिलं. नाक्यावरून ट्रक परत आणलात त्या दिवसापासून तुम्ही वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात कधी दिलाच नाहीत. जे येतं ते शेडच्या पत्र्याच्या फटीतून चोरून बघून आलंय. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.