अर्धा रोल आणि समुद्र

१० डिसेंबर
आबा हो म्हणाले. मी परत एकदा विचारून खात्री करून घेतली. आमचे हे (यापुढे वि.) घास हातात धरून बापाकडे बघत राहिले.

करमाडची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हापासून सासऱ्यांच्या तोंडून 'व्हय' आणि 'नाय' सोडून फारसं काही निघत नाही. आज चक्क अख्खी दोन वाक्यं बोलले. "समुद्र बघून यावं म्हणतो. हिला कवाचं कबूल केलंय." 'हिला' म्हणजे माझ्या सासूबाईंना, आईंना. आई ऐकून न ऐकल्यासारखं करत आत गेल्या आणि घासलेली भांडी परत घासत बसल्या.

नाताळच्या सुट्टीत दिवेआगर. शाळेतल्या कुलकर्णी बाईंच्या ओळखीचं घर आहे तिथं. मला तर नाचावंसं वाटतंय.

११ डिसेंबर
नाचणं संपलं.

कपाटातून कॅमेरा काढला, भावानं भाऊबीजेला दिलेला. आकडा अर्ध्याच्या थोडा पुढं. म्हणजे आत शेत आहे. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी आईंनी हट्टानं काढायला लावलेले फोटो. विहीर, चिंच, गोठा, बाजरीचं रान, आणि प्रत्येक ठिकाणी डोक्यावर पदर घेऊन ताठ उभ्या आई. आबा दोन-तीन फोटोंत आहेत, पण पाठमोरे. मी हाक मारली की बांधाकडं तोंड करून उभे राहायचे.

शेताचे दुसरे फोटो नाहीत. कोणाकडंच नाहीत. आता तिथं तारेचं कुंपण आहे. त्यानंतर घरात कोणाला फोटो काढावासाच वाटला नाही, दिवाळीसुद्धा तशीच गेली, आणि अर्धा रोल कोण धुवून घेतो? रोल संपल्याशिवाय द्यायचा नाही हे माझ्या माहेरीही आणि इथंही.

पण आता समुद्रावर जायचं, तर हा रोल आधी बाहेर. अर्धवट रोल गुंडाळायचं बटण खाली असतं. नख लावलंच होतं, तेवढ्यात आबा दारातून म्हणाले, "थांब."

"आबा, समुद्रासाठी नवा रोल घालू ना."

"नाय. त्यातच जागा हाये की. शेतानंच दिलाय ना समुद्र? मग एकाच पाकिटात येऊ दे."

फोटो धुवून येतात ते स्टुडिओचं पिवळं पाकीट. तेवढं बोलून अंगणात गेले. दहा महिन्यांत या माणसानं मागितलेली ही पहिली गोष्ट. बटणावरचं बोट काढलं.

१३ डिसेंबर
म्हणजे करमाडचं सगळं शेत माझ्या गळ्यात अडकवून मी समुद्रात जाणार.

वि. म्हणतात, "दुधाची पिशवी घाल वरून. रबर लाव. झालं." दूध आणताना अर्धं रस्त्यात सांडणाऱ्या माणसाचा सल्ला.

शाळा सुटल्यावर पैठण गेटच्या बाजारात कॅमेऱ्याची तीन दुकानं फिरले. एकानं कातडी कव्हर दाखवलं, त्याला शिवणीतून हवाच काय, पाऊसही जाईल. दुसऱ्यानं आत रोल भरलेला, पाण्यात चालणारा, वापरून फेकायचा कॅमेरा काढला. खरं तर हाच उपाय. पण तो दुसरा रोल, म्हणजे दुसरं पाकीट. तिसऱ्याकडं जाड पारदर्शक पिशवी मिळाली. तोंडाला तीन घड्या आणि पट्टी, भिंगासमोर सपाट गोल काच.

"बिनधास्त बुडवा मॅडम."

"तुम्ही गेलाय का समुद्रावर?"

"मी नाही, पण माल कंपनीचा आहे."

रिकाम्या हातानं परत.

१५ डिसेंबर
मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी नईमभाईंचा स्टुडिओ. शेतावरचा रोल त्यांनीच भरून दिला होता, त्यामुळं सगळं सांगावं लागलं नाही. ऐकून चष्मा कपाळावर सारला.

"भाभी, पाणी एक दुश्मन. रेत दुसरा. नमकीन हवा तिसरा, आणि तो दिसत पण नाही. थैली घ्या, पण थैलीच्या भरवशावर पाण्यात उतरू नका. सुक्या रेतीवर उभं राहून काढा आणि वापस या."

"आणि थैली गळते का ते कसं कळणार?"

"घरी रिकामी डुबवा. कागद टाकून."

परत पैठण गेट. पिशवी घेतली. दुकानदार हसला, मी नाही हसले.

१६ डिसेंबर
आज नळाचा दिवस. चार दिवसांनी पाणी आलेलं, घरातलं प्रत्येक भांडं दारात रांगेत, आणि मी भरलेली बादली बाजूला घेऊन बसले.

"ह्यात काय बुडवायचंय आता?" आई.

सांगितलं. त्यांनी आतून पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून दिला. पिशवी वर येऊ नये म्हणून. आत वर्तमानपत्राचा कागद. भाकरी होईपर्यंत बुडवून ठेवली. काढली तर एक कोपरा ओला.

आईंनी कागद चाचपला. "लई नाय. बोटभर."

बोटभर! बोटभरात विहीर बसते.

वि. आल्यावर भांडण. मी म्हणाले, गुपचूप रोल काढते, नवा घालते, कोणाला कळतंय. तर शांतपणे म्हणाले, "काढ. आणि पाकिटं दोन आली की तू जाऊन सांग त्यांना." हा माणूस चुकतो तेव्हा राग येतो, बरोबर असतो तेव्हा जास्त येतो.

बादलीचं पाणी तुळशीला.

१९ डिसेंबर
पिशवी बदलून आणली. ही कोरडी राहिली. परवा घासायच्या पाण्यात, आज धुण्याच्या पाण्यात, दोन्ही वेळा कागद कोरडा ठणठणीत. आता ती कुठंही न टोचता ठेवायची.

प्रवासासाठी वि.चा रबर लावलेला स्टीलचा डबा कॅमेऱ्याला दिला. त्यांनी भाजी कागदात बांधून नेली आणि तक्रार केली नाही. हे लिहून ठेवते, पुढच्या भांडणात लक्षात राहावं.

२४ डिसेंबर
एसटी. पुण्याला गाडी बदलली. डबा मांडीवर. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय लाडू-बिडू?" मी म्हणाले, शेत आहे. त्या खिडकीकडं सरकल्या.

घाटात आई ओकल्या. आबा सारखे बाहेर बघत. एवढी झाडी, एवढं पाणी, आणि वावरं केवढीशी! एकदाच म्हणाले, "ह्यांच्याकडून कोन जमीन नेईना."

२५ डिसेंबर
समुद्र.

आबा वाळूवर उभे. चपला हातात. किती वेळ कोण जाणे. मी जवळ गेले तर म्हणाले, "बांध कुठाय ह्याला?"

मी डब्याचं रबर काढलं.

सुक्या वाळूवरून चार फोटो काढले, नईमभाईंनी सांगितलं तसे. आई लुगडं धरून लाटेच्या कडेला, लाट आली की मागं. हसत होत्या. आबा याही वेळी पाठमोरे. कॅमेरा परत डब्यात. इथं सगळंच दमट, काल धुतलेला टॉवेल आजही ओला. आपल्याकडं तासाभरात कडक होतो.

२६ डिसेंबर, दुपार
क्रमानं लिहिते.

सकाळी घरातच कॅमेरा पिशवीत घातला, तिन्ही घड्या घातल्या, पट्टी दाबून बघितली. बाहेरचं पाणी आत येणार नाही याची शंभर टक्के खात्री. किनाऱ्यावर पोचेपर्यंत ऊन चढलं आणि पिशवी आतून धुरकटली. गोल काचेवर बारीक थेंब. बाहेरच्या पाण्यासाठी मी तीन वेळा परीक्षा घेतली होती. आतल्या हवेचं डोक्यातच आलं नाही. आमच्या घरच्या हवेत पाणी असतंच कुठं, की ते आठवावं? कोकणातली ओली हवा मीच आपल्या हातानं आत कोंडून आणली होती.

ठरवलं, आज फोटो नाही. परत जावं.

तेवढ्यात आबा आणि आई पाण्यात उतरले. मांडीपर्यंत. एकमेकांचा हात धरून. लग्नाला नऊ वर्षं झाली माझ्या, या दोघांना हात धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि आबा वळले. पूर्ण वळले, माझ्याकडं तोंड करून, आणि ओरडून म्हणाले, "सुनंदा, आता काढ. तोंडाकडून काढ."

काचेतून नुसता धूर दिसत होता. लांबून घेतला तर दोन ठिपके आले असते.

मी पिशवी उघडून कॅमेरा बाहेर काढला. पाण्यात गेले. गुडघ्याच्या वर. एक फोटो घेतला. आबांचे डोळे बारीक झालेले, पण तोंड समोर. आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, म्हणून आणखी एक.

लाट मोठी नव्हती. बघितलीसुद्धा होती. पायाखालची वाळू सरकते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यावर आले, कॅमेऱ्याचा हात वर धरायच्या आधी पाण्याखाली जाऊन आला. क्षणभरच. कॅमेऱ्यानं घरघर केली आणि गप्प झाला.

२६ डिसेंबर, संध्याकाळ
एसटीडी बूथवरून नईमभाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मागचं ढक्कन खोलू नका. बिल्कुल नाही. उन्हात नको, पंख्याखाली नको. खारं पाणी सुकलं तर फिल्म एकमेकाला चिपकते. काळ्या कपड्यात बांधा आणि या."

"वाचेल का?"

"आप आओ पहले."

वि.नी आबांना सांगितलं. माझी हिंमत झाली नाही. खोलीच्या दारात डोकं खाली घालून बसले होते मी. आबा आले, हातात गोड्या पाण्याचा तांब्या. "आधी गुडघा धू. खरचटलंय." मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईंनी नेसायच्या काळ्या लुगड्याचा अख्खा पदर फाडला. मी नको नको म्हणेपर्यंत फाडून मोकळ्या.

२७ डिसेंबर
परतीची गाडी. दोन दिवस आधी निघालो, कोणी कुरकुरलं नाही. गाठोडं मांडीवर. मध्येच वाटतं आत पाणी हलतंय, मध्येच वाटतं सुकलं. दोन्हीची भीती सारखीच.

आबा शेजारच्या बाकावर. डोळे मिटलेले, झोपलेले नव्हते. मी त्यांचं शेत बुडवलं. एकदा सरकारनं नेलं, दुसऱ्यांदा मी. वि. वहीत डोकावून म्हणाले, असं बोलू नकोस. बोलले नाही, लिहिलंय.

२८ डिसेंबर
सकाळी घरी. बॅगा ओट्यावर टाकून तशीच नईमभाईंकडं निघाले. मागं पावलं वाजली. आबा. धुतलेली टोपी घालून, कचेरीत निघाल्यासारखे.

नईमभाईंनी गाठोडं दोन्ही हातांत घेतलं. "पहिलं साध्या पाण्यात भिजवतो. मग बघू. काही सांगू नाही शकत, आबा."

"बरं," आबा म्हणाले.

अंधाऱ्या खोलीचं दार लागलं. वर लाल दिवा. आम्ही दोघं बाहेर बाकावर. समोरच्या काचेत कोणाकोणाच्या लग्नाचे फोटो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आबांनी विचारलं, "पयला कंचा काढला व्हता?"

"गोठ्याचा."

"गोठ्याचा म्हंजी कोन्या अंगानं?"

"आई खुंट्याजवळ उभ्या होत्या."

"तो डावा खुंटा. बाभळीचा. त्याला माझ्या बापाचा ढवळ्या बांधत. तो मेल्यावर तिथं दुसरं जनावर बांधलं नाय आमी." थांबले. "मंग?"

"मग चिंच."

"ती कुनी लावली नाय. उकिरड्यावर आपसूक आली. बाप तोडाया निघाला, माय आडवी झाली. म्हनली, पोरं खातील. मंग?"

मी एकेक सांगत गेले, ते बोलत गेले. बाजरीच्या त्या रानाला पांढरी म्हणतात हे मला माहीत नव्हतं. पलीकडच्या तुकड्याला भावकी. ज्या दगडावर मी उन्हासाठी आईंना बसवलं, त्या दगडावर आबांच्या चुलत्याचा आणि बापाचा वाटणीचा तंटा मिटला होता. मी बटण दाबत गेले होते, काय दाबतेय हे न कळता. आबा हातवारे करत होते. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. इतकं बोलताना या माणसाला मी पाहिलेलंच नाही, जमीन होती तेव्हासुद्धा नाही.

"मंग विहीर," त्यांनीच सांगितलं. "विहीर शेवटाला काढलीस तू. मला याद हाये. मी तुझ्याकडं पाठ केली व्हती." त्यांचा आवाज जरा बसला. "ती मी खांदली. मी आन् धाकला भाऊ. हिला लग्न करून आनलं त्याच साली. खालून काळा खडक लागला, लोक म्हनले सोडा नाद. आन् एके दिवशी…"

लाल दिवा विझला. दार उघडलं. नईमभाई हात पुसत बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना. मी उठले.

आबांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"नईमभाई, जरा दम धरा. विहिरीचं सांगायचं राह्यलंय."

नईमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं. स्टूल ओढून बसले.

"तर पानी लागलं," आबा म्हणाले. "हिनं पयला हंडा भरला. तवाच मी हिला म्हनलं व्हतं, आता तुला समुद्र दावतो."