तुरुंगातली ओली फरशी

प्रिय आई,

तुझा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, जेवणखाण नीट चाललंय. आमच्या या छोट्या विद्यापीठात गुन्हे आणि न्याय शिकणारे आम्ही अकराच जण, त्यामुळे सरांचं सगळ्यांकडे लक्ष असतं. मार्कही बरे पडलेत.

मंगळवारी सरांनी आम्हाला तुरुंग बघायला नेलं. छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावून आम्ही रांगेनं चाललो होतो. जेवणघराशी एक म्हातारा कैदी फरशी पुसत होता. त्यानं माझं आडनाव वाचलं, 'हॉलिस', आणि त्याचा हात थांबला. तेव्हा मी त्याला ओळखलं. पेट्रोल पंपावर बाबांना गोळी घालणारा डेल प्रुइट. त्याला इथे हलवलंय हे आपल्याला कुणी कळवलंच नाही.

"जपून, ताई," तो हळूच म्हणाला, "ओलं आहे. पडाल."

त्याला काय काय सुनावायचं, हे नऊ वर्षं मनात घोकलं होतं. तोंडातून मात्र सवयीनं "थँक्यू" निघालं, आणि मी पुढे चालत गेले.

ग्रांटदादाला यातलं काही सांगू नकोस, तो भडकेल. शिक्षण मी सोडणार नाही. पण आई, आता कुणी माझ्यासाठी नुसतं दार धरलं, तरी आभाराचा शब्द तोंडातून निघत नाही.

तुझ्या कुशीची आठवण काढणारी,
कॉरीन