श्रियाचं बारसं आणि ओवेनरावांचं बोलावणं

क्वीन्सटाउन, सिंगापूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. उल्कावन्सं यांस,

नीताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दीनानाथभावजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (नसला तर त्यांना सांगा, रात्रीचं ताक बंद करा. माझं नाव सांगू नका.) आम्ही सगळे मजेत. तुमच्या भावाची प्रकृती उत्तम आहे, फक्त चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातला एसी त्यांना सोसत नाही आणि घरातला उकाडा सोसत नाही, त्यामुळे एमआरटी मेट्रोत असतात तेवढाच वेळ ते समाधानी असतात.

हे पत्र आमच्या ब्लॉकमधले प्रबोध पुण्याला निघालेत त्यांच्याबरोबर पाठवतेय. फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही विचारता, “जावई अजून खेळतातच का?” मी “हो” म्हणते आणि विषय संपतो. तो “हो” केवढा लांबलचक आहे ते सांगायला कागदच हवा.

आधी थोडं समजावून सांगते, कारण मलाही समजायला दोन वर्षं लागली. आमची इरा अमेरिकेत पीएचडी करत होती त्या गावात बेसबॉलचा एक छोटा संघ आहे. अमेरिकेत मोठ्या संघांच्या हाताखाली असे छोटे संघ असतात, त्यांना मायनर लीग म्हणतात. त्यात शाळेसारख्या यत्ता असतात. खेळाडू खालच्या यत्तेतून वरच्या यत्तेत चढत राहतो, आणि एके दिवशी मोठ्या संघातून बोलावणं येतं. किंवा येत नाही. बहुतेकांना येत नाही. आपले ओवेनराव आठ वर्षं त्या बोलावण्याची वाट बघत होते. इराच्या घरमालकिणीकडे खालच्या खोलीत ते राहायचे, वरच्या खोलीत ही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. (लग्नाच्या फोटोत सगळ्यांची डोकी आहेत, त्यांचं फक्त हनुवटीपर्यंत आहे, तेच ते.)

ते कॅचर आहेत. म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं आणि येईल तो चेंडू झेलायचा. आपल्या यष्टिरक्षकासारखंच, पण यष्ट्या नाहीत आणि चेंडू डोळ्यांना दिसेल अशा वेगाने येत नाही. एप्रिल ते सप्टेंबर रोज सामना, सोमवारची तेवढी सुट्टी. एका गावाहून दुसऱ्या गावाला बसने जायचं, मोटेलात झोपायचं, पुन्हा उकिडवं बसायचं. संघाचं नाव ‘ऑटर्स’, म्हणजे ऊदमांजरं. इथे कालव्यात खरीखुरी ऊदमांजरं पोहतात. ती दिसली की मी हल्ली नकळत हात जोडते. लोक बघतात. बघू देत.

इरा इथल्या विद्यापीठात संशोधन करते, म्हणून बाळंतपण इथेच केलं. त्यांची संध्याकाळ ती आमची सकाळ, त्यामुळे सगळा सीझन आमच्याकडे पोह्यांबरोबर चालायचा. टीव्हीवर सामना, इराच्या मांडीवर बाळ, आणि सोफ्याच्या काठावर ऑफिसची बॅग खांद्याला लावून बसलेले तुमचे भाऊ. ते मात्र रोज एकच विचारायचे: हा माणूस तिशीला आला, आता नीट नोकरी कधी धरणार? त्यात ओवेनराव सीझन संपल्यावर इथे येतात ते इराच्या डिपेंडंट पासवर. सिंगापूर सरकारच्या लेखी सव्वासहा फुटांचा तो माणूस आमच्या इरावर अवलंबून आहे. हे वाक्य यांनी इतक्यांदा ऐकवलंय की इराने शेवटी उत्तर देणं सोडलं.

जुलैत बाळाचं बारसं ठरलं. बाळंतपणाच्या वेळी ओवेनरावांना येता आलं नव्हतं, संघ लांबच्या दौऱ्यावर होता. आता त्यांना बाप झाल्याची तीन दिवसांची रजा मिळाली. त्याला सोमवार जोडला तरी येण्याजाण्यातच ती बहुतेक संपणार होती, घरात राहायला जेमतेम एक दिवस. मी म्हटलं, एवढ्यासाठी कोण येतं? ते आले. सकाळी दारात उभे राहिले तेव्हा चौकटीत दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

पाळण्याची वेगळीच गंमत. छताला भोक पाडायला घरमालकाची मनाई. मग शेजारच्या लिम आँटींनी त्यांच्या नातवाचा स्प्रिंगचा पाळणा आणून दिला. लोखंडी स्टँड, वर स्प्रिंग, खाली सारोंगच्या कापडाची झोळी. त्यात बाळ झुलत नाही, वरखाली उडतं. ओवेनरावांना बहीण नाही, तेव्हा आत्या कोण? लिम आँटी म्हणाल्या, मी होते. त्यांना “कुर्रर्र” शिकवण्यात माझी सकाळ गेली. त्या फार मन लावून म्हणायच्या, पण ऐकणाऱ्याला वाटावं कुठेतरी स्कूटर सुरू होतेय.

आणि आता ऐका. बाळ रडायला लागलं. पाहुणे जमलेले, माझा जीव अर्धा. सगळ्यांनी घेऊन पाहिलं, थांबेना. तेव्हा ओवेनराव (यांचा झब्बा घातलेले, तो त्यांच्या कमरेपर्यंतच पोचत होता) पाळण्याशेजारी जमिनीवर उकिडवे बसले. एक हात झोळीखाली धरला, चेंडूसाठी धरतात तसा. बाळ गप्प. आणि वन्सं, ते तसेच बसून राहिले. पाहुण्यांचं सरबत झालं, फोटो झाले, इराची ओटी भरून झाली, तरी हा माणूस उठला नाही, हलला नाही, पाय बदलले नाहीत. आपल्याकडचे तरुण हल्ली पंगतीत मांडी घालू शकत नाहीत. मी तबक घेऊन तशीच उभी राहिले. लिम आँटी माझ्या कानात म्हणाल्या, “युवर सन-इन-लॉ व्हेरी स्टेडी, लाह.”

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. बाळ इराकडे देऊन ते स्वयंपाकघरात आले. मी तिथे घुगऱ्या काढत होते. मला पाहून ते जरा वळून उभे राहिले, पण त्या स्वयंपाकघरात वळून कितीसं वळणार? ते सर, सर करत हळू बोलत होते. सिंगापूरला आहे, म्हणाले. मुलीचं नाव ठेवतोय. लवकरात लवकर म्हणजे उद्या रात्री. मग बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, समजलं सर, तो मुलगा चांगला आहे, त्याला शुभेच्छा सांगा. फोन खिशात टाकला, माझ्या हातातलं घुगऱ्यांचं पातेलं घेतलं आणि विचारलं, “आई, आता पुढे काय असतं?” मी म्हटलं, नाव. ते म्हणाले, चला तर मग. नाव ठेवलं. श्रिया. स्कूटर व्यवस्थित सुरू झाली.

दुपारी इराला दुसऱ्या एका खेळाडूच्या बायकोचा मेसेज आला. मोठ्या संघाचा कॅचर जखमी झाला होता आणि आपल्या ऑटर्समधल्या धाकट्या कॅचरला बोलावणं आलं होतं. इराचा चेहरा पांढरा पडला. तिने विचारलं, तुला फोन आला होता का? ते म्हणाले, आला होता. ती रडायलाच लागली. म्हणाली, आठ वर्षं, ओवेन. तुझी जागा होती ती. ते श्रियाचं लंगोट बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “त्यांना तिथे असलेला माणूस हवा होता. मी इथे होतो.”

एवढंच. आवाजात कढ नाही, मोठेपणा नाही. मी कितीतरी कीर्तनं ऐकली आहेत, पण असं वाक्य कुठल्या बुवांच्या तोंडून आलेलं आठवत नाही. तुमचे भाऊ खिडकीशी उभे होते. संध्याकाळी टॅक्सी आली तेव्हा ओवेनरावांची ती प्रचंड बॅग यांनी उचलली. ओवेनराव नको नको म्हणत मागे, आणि हे बॅगेखाली वाकून लिफ्टपर्यंत. नंतर चार दिवस कंबर धरून होते. नीट नोकरीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

आणि मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही आशा सोडून पोहे खात असताना, बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटी सिक लीव्ह टाकली. लिम आँटी सोयाबीनचं दूध घेऊन आल्या. टीव्हीवर ते मैदान दिसलं. आमचा सगळा ब्लॉक, वाळत घातलेल्या कपड्यांसकट, त्यात एका कोपऱ्यात मावला असता. ओवेनराव बराच वेळ बाकावर बसून होते. शेवटी शेवटी त्यांना आत पाठवलं. मोठ्या फळ्यावर त्यांचं नाव आलं. हे उठून उभे राहिले, म्हणून आम्ही सगळ्या उठलो. ओवेनरावांनी एकच फटका मारला. चेंडू इतका उंच गेला की टीव्हीत मावेना, आणि अगदी कुंपणापाशी कुणीतरी झेलला. आउट. संघ हरला. आणखी चार दिवसांनी त्यांना परत खाली धाडलं. पण ते तिथे उभे होते, वन्सं. मी डोळ्याची पापणी न लववता पाहिलं.

सामना संपल्यावर त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न, श्रिया जागी आहे का. जागी होती. मग बराच वेळ ते तिच्याशीच बोलले, आम्हाला कुणी विचारलं नाही.

भावजींना नमस्कार, सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. तुम्ही थोरल्या आहात, पत्रात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

तुमची,
नीता

ता. क. पापणी न लववता पाहिलं हे खरं नाही. त्या फटक्याच्या वेळी मी डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत होते. चेंडू किती उंच गेला ते लिम आँटींनी सांगितलं.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. इराचं इथलं काम मार्चमध्ये संपतंय. पुढचा सीझन ती आणि श्रिया तिकडेच असतील, आणि बाळाला सांभाळायला त्यांनी मला बोलावलंय. मी हो म्हटलंय. एप्रिल ते सप्टेंबर. तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही. त्यांना साधा कुकर लावता येत नाही, पण तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तेव्हा तुम्हीच फोन करून, जणू तुम्हालाच सुचलं असं, सांगाल का?

अगदी शेवटचं. हे आत्ताच डोकावून गेले आणि एवढं काय लिहितेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, वन्संकडे लिंबाच्या लोणच्याची कृती मागतेय. तर फोनवर आधी थोडं लोणच्याचंही बोला.