विसावं मत

लंडन,
ता. ९ फेब्रुवारी १९७१

ती. एडनाताईस,
धाकट्या विल्फ्रेडचे शि. सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहितोय, तेव्हा अक्षराबद्दल आधीच माफ कर. ताई, मला घेतलं. सेंट केनेल्म कॉलेजच्या फेलोंनी, म्हणजे तिथल्या अध्यापक मंडळींनी, आज मला कॉलेजचा मास्टर निवडलं. ज्या कॉलेजात मी शिष्यवृत्तीवर, हॅरल्डमामाचा कोट घालून गेलो होतो, त्याचाच आता प्रमुख. फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच अर्ध्या तोंडाला साबण घेऊन खाली धावलो आणि घरमालकिणीला सांगितलं. तिने फक्त विचारलं, खोली कधी रिकामी करणार.

गेल्या जूनमध्ये हुजूर पक्षाच्या त्या बूटवाल्याने मला निवडणुकीत पाडल्यापासून मी कसे दिवस काढले ते तुला ठाऊक आहे. पंधरा वर्षं आपल्या गावाचा खासदार, त्यातली बरीचशी मजूर पक्षाचा प्रतोद. प्रतोदाने सभागृहात तोंड उघडायचं नसतं, आपली डोकी मोजायची आणि मतदानाला हाकून आणायची. तू मला मेंढपाळ म्हणायचीस ते उगाच नाही. माझ्या नावावर एक धड भाषण नाही की एक कायदा नाही. आता मात्र काहीतरी करून दाखवीन.

ऑक्टोबरात कारभार हाती घ्यायचा. त्या दिवशी कॉलेजचा मोठा दरवाजा बंद ठेवतात, नव्या मास्टरने बाहेरून ठोठावायचं, आतून कोण म्हणून विचारतात आणि मग उघडतात. तू आलीच पाहिजेस. एक दिवस मासे आणि बटाटे जॉर्जभाऊजींना तळू देत, गिऱ्हाईक मरत नाही.

मास्टर झालो तरी माझा कान धरायचा हक्क तुझाच. तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
विल्फ्रेड


थॉर्नक्लफ, लँकेशायर,
ता. १२ ऑक्टोबर १९७१

चि. विल्फ्रेडला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. तुझ्या भाऊजींनी दोन्ही कढया जाळल्या नाहीत, एकच जाळली. गावात सगळ्यांना सांगून झालं. मिसेस होल्डन म्हणाली, खासदारकी गेली पण नशीब उघडलं. मी म्हटलं, दरवाजासुद्धा उघडला, पण ठोठावावं लागलं.

विल्फ, तुझी ती थाप ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ऐकून म्हणते, कारण दिसलं काहीच नाही. आम्हा बायकांना बाजूच्या दाराने नेलं, कचऱ्याच्या डब्यांवरून, आणि भलत्याच खिडकीत उभं केलं. नंतर तुम्ही पुरुष हॉलमध्ये बदक खायला बसलात आणि मी तुझ्या घरात वरच्या मजल्यावर थंड हॅम खाल्लं. सोबतीला त्या गणिताच्या प्रोफेसर फेन्विकांची बायको होती, ऑगस्टाबाई. बिचारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चहा साखरेच्या भांड्यात ओतला, पण बाई मोठी गमतीची. म्हणाली, चाळीस वर्षं हेच हॅम खातेय.

तुझा आनंद नासवायचा नाही मला. पण मनात आलंय ते लिहिते. आपल्या घरात एकालाच शिकवणं शक्य होतं. तो तू. मी चौदाव्या वर्षी गिरणीत गेले, कधी कुरकुर केली नाही, आजही करत नाही. पण गिलियन सोळा वर्षांची आहे, गणितात शाळेत पहिली, आणि तिचा मामा मास्टर असलेल्या कॉलेजात तिला चहा मिळेल, शिक्षण नाही. मुलगी आहे म्हणून. तुला काहीतरी करून दाखवायचंय ना, मग तो दरवाजा मुलींना उघड. दुसरं काही मला नको.

गरम मोजे पाठवते आहे, ते घाल आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
एडनाताई


सेंट केनेल्म कॉलेज, केंब्रिज,
ता. २८ नोव्हेंबर १९७१

ती. एडनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे घातले आणि कामाला लागलो. मुली घ्यायच्या तर कॉलेजचा नियम बदलावा लागतो आणि तो साध्या बहुमताने बदलत नाही. विरोधात जेवढी मतं पडतील त्याच्या निदान दुप्पट बाजूने हवीत. माझ्यासकट आम्ही एकोणतीस जण. म्हणजे वीस हवेत. आता इथे वीस या आकड्याशिवाय कोणी काही बोलत नाही. आमच्या बाजूची तरुण मंडळी जिन्यात भेटली की नमस्काराऐवजी वीस म्हणतात.

ताई, जुनं रक्त सळसळतंय. प्रतोदाची मजा काय असते ते विसरूनच गेलो होतो. पण इथल्या मेंढ्या हाकता येत नाहीत. पक्षात निदान मंत्रिपदाचं गाजर दाखवता यायचं. इथे प्रत्येकाच्या घरी जायचं, शिळा केक खायचा, त्यांच्या अभ्यासातल्या कीटकांबद्दल तास तास ऐकायचं आणि निघताना दारात हळूच विषय काढायचा. त्या केकांनी माझा कोट आवळायला लागला आहे.

विरोधकांचा पुढारी कॅनन थ्रिंग, आमचा धर्मगुरू, सरळ आणि हट्टी माणूस. फेन्विकही त्याच्याच गोटात. फेन्विककडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने बुद्धिबळाचा पट मांडला, मला हरवलं आणि सांगितलं की आपण थ्रिंगला कधीच शब्द दिलाय, मुलींच्या बाजूने हात वर करणार नाही. ऑगस्टाबाई आतून ओरडून म्हणाल्या की माझा हात कोणी विचारत नाही.

कुजबूज चालू आहे की मास्टर भाचीसाठी खटपट करतो. करू देत. मुलीला म्हणावं अभ्यास सोडू नकोस.

केकऐवजी तुझ्या दुकानातली तळलेल्या माशांची एखादी पुडी पोस्टाने पाठवता आली असती तर काय हवं होतं. प्रेम आहेच, वाढव.

तुझा,
विल्फ्रेड


सेंट केनेल्म कॉलेज, केंब्रिज,
ता. २ मार्च १९७२

ती. एडनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तू मला शिव्या घालशील. घाल, पण शेवटपर्यंत वाच.

पुढच्या गुरुवारी मतदान. आमची एकोणीस पक्की, त्यांची दहा. विसावं मत मिळावं म्हणून जीव काढला, मिळालं नाही. तशात आज सकाळी फेन्विक आला. गुरुवारीच ऑगस्टाबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया लंडनला ठरली आहे, त्याला बायकोजवळ राहायचंय. थ्रिंगचं म्हणणं पडलं की आपला एक माणूस जातोय तर त्यांचाही एक कमी व्हावा. तेव्हा फेन्विकने मला विचारलं की मी त्याच्याशी जोडी लावीन का.

जोडी काय ते तुला सांगायला नको. पार्लमेंटात त्यांचा एक आजारी पडला की आमचा एक मतदानाला उभा राहायचा नाही, हिशेब सारखा. माझा सगळा जन्म अशा जोड्या लावण्यात गेला. समोरच्याची बायको आजारी असेल तर नाही म्हणायचं नसतं, आणि एकदा हो म्हटलं की मोडायचं नसतं. माझ्या तोंडून हो निघून गेलं तेव्हा त्याने टोपीसुद्धा काढली नव्हती. बाहेर पडल्यावर कळलं की मी काय घालवून बसलो. आधीच एक कमी होतं, आता दोन कमी. आमची तरुण पोरं माझ्याशी बोलत नाहीत.

हरणार हे तर दिसतच होतं. पण ज्या एका मतदानासाठी मी इथे आलो असं वाटत होतं, त्यात तुझ्यासाठी मला हातसुद्धा वर करता येणार नाही. पार्लमेंटात मुका होतो, इथे लुळा झालो. फार वाईट वाटतंय, ताई.

रागव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
विल्फ्रेड


थॉर्नक्लफ,
ता. ४ मार्च १९७२

विल्फ्रेड,

आशीर्वाद नंतर.

तुझं पत्र वाचून मी आख्खी परात पीठ सांडलं. असला कसला रे तू माणूस. जगातल्या सगळ्या बायकांच्या डोळ्यांची तुला काळजी, तुझ्या बहिणीचे डोळे मात्र चाळीस वर्षं त्या दाराकडे लागलेत ते दिसले नाहीत. तो म्हातारा हॉस्पिटलात जातोय तर जाऊ द्यायचं होतंस. तुझं मत तू खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवलंस, आणि वर मला म्हणतोस रागव.

गिलियन म्हणते, मामाने शब्द दिला तर तो पाळणारच. मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे.

आता दुपारी पुन्हा लिहायला बसले. राग गेलेला नाही, पण दिलेला शब्द मोडू नकोस. तू तो मोडलास तर मला तुझं तोंड बघवणार नाही, आणि मुली आल्या तरी मला गोड लागणार नाही. ऑगस्टाबाईंना माझ्यातर्फे फुलं पाठव. गुरुवारी दुकान बंद ठेवणार आहे. गिऱ्हाइकांशी भांडण होईल माझं.

आता घे आशीर्वाद.

एडनाताई


सेंट केनेल्म कॉलेज, केंब्रिज,
ता. ११ मार्च १९७२

ती. एडनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. आता सगळं नीट सांगतो, कारण दोन दिवस मी कोणालाही नीट सांगू शकलेलो नाही, मध्येच हसू येतं.

गुरुवारी दुपारी बैठक भरली. अध्यक्षाच्या खुर्चीत मी, हात मांडीखाली दाबून बसलेला, चुकून वर जायला नको. बाजूचे हात मोजले. अठरा. विरोधातले मोजले. नऊ. आमच्या पोरांनी माना खाली घातल्या. कुणीतरी वीस म्हणून पुटपुटलं. थ्रिंगने पेनाला टोपण लावलं. मी ठराव फेटाळला असं म्हणायला तोंड उघडलं आणि ताई, तुझा आवाज ऐकू आला. आपल्या स्वयंपाकघरात तू ताटं विसळायचीस, मी पुसायचो आणि तू माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचीस. मी अडलो की ओला फडका मानेवर बसायचा. नऊ एके नऊ. नऊ दुणे अठरा.

तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग थ्रिंगला म्हटलं की नियम कृपा करून मोठ्याने वाचा. त्याने वाचला. बैठकीत पडलेल्या विरोधी मतांच्या निदान दुप्पट. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. वीस हा आकडा एकोणतीस जणांचा होता, सत्तावीस जणांचा नव्हता. एकोणीसला दहा असते तर आपण पडलो असतो. अठराला नऊ म्हणजे बरोब्बर दुप्पट. एवढी विद्वान माणसं त्या खोलीत, पण जोडी लावली की काही बदलत नाही हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं, आणि सगळ्यांत जास्त मी. थ्रिंगचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तोच पहिला उभा राहिला आणि म्हणाला की मास्टर, ठराव मंजूर झाला. त्या माणसाला मी पुन्हा कधी हट्टी म्हणणार नाही.

काल फुलं घेऊन लंडनला गेलो. ऑगस्टाबाईंच्या डोळ्यांवर पट्ट्या, शस्त्रक्रिया छान झाली. फेन्विक शेजारी बसून त्यांचीच द्राक्षं खात होता. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं की अठराच ना. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तो म्हणाला, थ्रिंगला मुलींच्या बाजूने हात वर करणार नाही असा शब्द दिला होता, नाही केला. त्यावर पट्ट्यांखालून ऑगस्टाबाई म्हणाल्या की डॉक्टरांनी सोमवार दिला होता, ह्यांनीच भांडून गुरुवार करून घेतला. मग फेन्विकने मला आणखी द्राक्षं दिली आणि प्रतोदांना पाढे येत नाहीत हे देशासाठी बरं नव्हतं असं म्हणाला.

ताई, पहिल्या मुली पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात येतील. गिलियनला सांग. मी आज वेडा झालोय, सांभाळून घे.

तुझा,
विल्फ्रेड


थॉर्नक्लफ,
ता. १४ मार्च १९७२

ती. विल्फ्रेडमामास,
गिलियनचा सा. न.

मामा, आधी पाया पडते आणि मग वाईट बातमी देते. मी तुमच्या कॉलेजात अर्ज करणार नाही, लीड्सला जाणार आहे. आधीच ठरवलं होतं. तुमच्याकडे आले तर जन्मभर मास्टरची भाची म्हणून मिरवावं लागेल, आणि तुम्ही रोज मोजे घातले का विचाराल. आधी सांगितलं नाही, कारण आईने डोळे वटारले होते. म्हणाली, त्याची लढाई चालू आहे, तेवढी होऊ दे.

आई तार आल्यापासून रडतेय. कांदे चिरतेय म्हणते. आमच्या दुकानात कांदे लागत नाहीत, मामा.

तुमची लाडकी, पण लीड्सची,
गिलियन


थॉर्नक्लफ,
ता. १४ मार्च १९७२

चि. विल्फ्रेडला,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पोरीने लिहिलंय ते तुला पोचेलच. मनाला लावून घेऊ नकोस. मला ठाऊक असताना मी तुला लढू दिलं, कारण पोरीचं फक्त नाव होतं, विल्फ. त्या दारातून मला जायचं होतं. शाळेतल्या बाईंनी बाबांना सांगितलं होतं की धाकट्यापेक्षा थोरलीला गणित चांगलं येतं. बाबा म्हणाले असेल, आणि माझ्या हातात गिरणीचा डबा दिला. आज त्यांचाही राग येत नाही. इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते, भाऊजींना सांगू नकोस.

पाढे मी शिकवले आणि मलाच अठरा दिसले नाहीत. रागात होते.

एकच मागणं. पहिली मुलगी आत जाईल तेव्हा तिचं नाव मला कळव. कुठली, कुणाची, एवढं कळलं की झालं.

फार फार लोभ,
एडनाताई


सेंट केनेल्म कॉलेज, केंब्रिज,
ता. २१ सप्टेंबर १९७३

ती. एडनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाव कळवणार नाही. ऑक्टोबरच्या ५ तारखेला ये आणि तिला स्वतः विचार. रात्री हॉलमध्ये जेवायला तुझं पान थ्रिंगच्या शेजारी मांडलं आहे. त्यानेच मागून घेतलं. पलीकडे ऑगस्टाबाई, त्या आता चहा कपातच ओततात. हॅम नाही, बदक.

दरवानाला सांगून ठेवलंय की माझी बहीण येईपर्यंत मोठा दरवाजा बंद ठेव. बाजूच्या दाराने येऊ नकोस. जोरात ठोठाव, आतून कोण म्हणून मी विचारीन.

तुझा,
विल्फ्रेड