दगडावरची एकेचाळीस नावं

वडसा
१० जानेवारी १९८९

ती. सोमाजीभाऊंस सत्यशीलाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बाबांना जाऊन तीन महिने झाले, तरी सकाळी चहाला पाणी दोन कपांचंच ठेवते. विहाराचं काम छतापर्यंत आलं. छप्पन साली बाबांसोबत चांद्याला दीक्षेला गेलेल्या एकेचाळीस जणांची नावं दगडावर कोरायचं ठरलं आहे. बाबांनी उन्हाळ्यात खाटेवर बसून लिहिलेली यादी तुम्ही ऑफिसच्या कंप्युटरात घातलीत आणि आता कागद कशाला म्हणून फाडून टाकलीत. तेव्हाचा तुमचा तोरा पाहण्यासारखा होता. आता ती छापून पाठवा. सोबत जवसाची चटणी आहे.

लोभ आहे तसाच असू द्या.
सत्यशीला


चंद्रपूर
२१ जानेवारी १९८९

चि. सत्यशीला हिस अनेक आशीर्वाद. जय भीम.

चटणी पोचली. मी पत्र वाचेपर्यंत पोरांनी अर्धी संपवली. ऑफिसात नवा कंप्युटर आला, जुना कंपनीवाले घेऊन गेले. नव्याची सिस्टिमच वेगळी, जुने हुकूम चालत नाहीत. दहा वर्षांच्या नोकरीनंतर मी पुन्हा पहिलीत बसलो आहे. यादीचं पाहतो, थोडी सवड दे.

माया असू दे.
सोमाजी


चंद्रपूर
८ फेब्रुवारी १९८९

चि. सत्यशीलास आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. यादी त्याच्या आदल्या दिवशीच गेली होती. यादी जिच्यात साठवली होती ती जुनी फ्लॉपी नव्या मशीनला वाचता येईना. पुस्तकात होतं, फ्लॉपी वापरण्याआधी फॉरमॅट करावी. मला वाटलं, त्याने ती नव्या सिस्टिमला चालेल. मशीनने खात्री आहे का विचारलं, मी हो म्हटलं. ते म्हणजे पाटी पुसणं, हे नागपूरच्या इंजिनिअरने नंतर सांगितलं. मी हात लावला नसता तर त्याने नावं काढून दिली असती.

बाबांचे शेवटचे बरे दिवस त्या यादीत गेले होते गं. जुन्या माणसांना विचारून पाहशील का? मला तिकडे यायला तोंड नाही.

रागावलीस तरी पत्र टाक.
सोमाजी


वडसा
५ मार्च १९८९

ती. सोमाजीभाऊंस जय भीम.

राग आला होता, म्हणून उशीर. पंधरा दिवस घरोघरी फिरले. रुखमा आजीच्या आठवणीने बत्तीस नावं जमली. उरलेल्या नऊही बायाच, आणि आता त्यांतली एकही हयात नाही. कोणी लटारूची बायको, कोणी अमक्याची माय. त्यांचं स्वतःचं नाव गावात कोणी घेतच नव्हतं. बाबांनी दीक्षेच्या वेळी एकेकीला विचारून घेतलं होतं, म्हणून ते फक्त बाबांनाच ठाऊक होतं.

लटारूची लेक सुकरी रोज दारात येऊन बसते. तिच्या जन्माच्या वेळीच आई गेली, बापाने कधी नाव सांगितलं नाही, आता तोही नाही. काल म्हणाली की तुह्या भावानं आपल्या हातानं घातलं होतं नं, त्याले याद असनच, मले फक्त माह्या मायचं नाव पायजे. भाऊ, तेवढं एक आठवून कळवा. कारागीर नऊ ओळी सोडून थांबला आहे.

तुमच्यावरची माया काही गेली नाही.
सत्यशीला


चंद्रपूर
१४ मार्च १९८९

चि. सत्यशीलास आशीर्वाद.

पाच दिवस रोज डोळे मिटून बसलो. लटारूच्या बायकोचं नाव आठवत नाही. बाबांचं थरथरतं अक्षर आठवतं, आणि इंग्रजी अक्षरं शोधत एकेक कळ दाबणारं माझं बोट. यादी लवकर संपवायची होती. मी ती नावं वाचलीच नाहीत गं.

सुकरीला तू काही सांगू नकोस. शनिवारच्या गाडीने येतो आणि तिच्यासमोर बसून मीच सांगतो.

तुझा भाऊ,
सोमाजी